चिप एक, पत्ते चार, मालक एकच हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चिपनिर्मितीबद्दल मराठी वृत्तपत्रांत सध्या भरभरून छापून येते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली, तेव्हापासून साणंद, धोलेरा, मोरिगाव ही नावे वाचकांच्या ओळखीची झाली आहेत. पण कारखान्यातून बाहेर पडलेली चिप ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलते कशी आणि ते बोलणे घडवून आणणारा ड्रायव्हर कसा लिहावा, यावर मराठीत क्वचितच काही वाचायला मिळते. अभियांत्रिकीची मुले दरवर्षी याच कामात येतात. त्यांच्या प्रोजेक्टांत आणि नोकरीतल्या पहिल्यावहिल्या कोडमध्ये एक चूक इतक्या सातत्याने दिसते, की तिच्यावर जाहीरपणे लिहायला हवे. एका चिपला बसवर, म्हणजे चिपना जोडणाऱ्या सामाईक तारांवर, दोन-चार पत्ते असले की ही मुले दोन-चार वेगवेगळे ड्रायव्हर लिहितात. नाहीतर मुख्य पत्ता तेवढा धरतात आणि बाकीचे वाऱ्यावर सोडतात. दोन्ही प्रकार टेबलावर चालतात आणि ग्राहकाकडे गेल्यावर बंद पडतात.

आयटूसी ही फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली दोन तारांची बस. एक तार घड्याळाची, दुसरी माहितीची. टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, मोटारीतले फलक, सगळीकडे ती आहे. बसवरच्या प्रत्येक चिपला सहसा सात बिटांचा पत्ता असतो. सात बिटांत १२८ पत्ते मावतात. पहिले आठ आणि शेवटचे आठ राखीव, म्हणजे वापरायला उरतात ११२. या पत्रातले सगळे पत्ते आणि रजिस्टरांचे (चिपमधल्या खणांचे) क्रमांक हेक्साडेसिमल, म्हणजे १६ च्या पायावरचे, समजावेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच सुरू होते. बऱ्याच डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकांत) पत्ता आठ बिटांचा छापलेला असतो, वाचन-लेखनाचा बिट शेवटी जोडून. डेटाशीट म्हणते ए०, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचे ५०. डेटाशीट म्हणते ७२, लिनक्सला ३९. छापील आकडा निम्मा केला की झाले. तो निम्मा न करता टाकला तर चिप उत्तरच देत नाही, आणि मुले सोल्डरिंग तपासत बसतात.

आता, एका चिपला अनेक पत्ते लागतातच कशाला? सर्वांत जुने आणि सोपे उदाहरण २४सी मालिकेतल्या ईईप्रॉमचे, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरी चिपचे. २४सी०२ मध्ये २५६ बाइट असतात. आतल्या जागेचा क्रमांक एका बाइटात मावतो, त्यामुळे एक पत्ता पुरतो. २४सी०४ मध्ये ५१२ बाइट आहेत. तिथे एक बिट कमी पडतो, म्हणून तो बसच्या पत्त्यातून उसना घेतला. परिणामी ही चिप दोन पत्त्यांवर उत्तर देते. २४सी०८ चार पत्त्यांवर आणि २४सी१६ तब्बल आठ, म्हणजे ५० ते ५७ या सगळ्या पत्त्यांवर. २४सी१६ वरच्या ए०, ए१, ए२ या पिना आत कशालाच जोडलेल्या नसतात. त्या कुठेही जोडल्या तरी फरक पडत नाही. २४सी३२ पासून पुढे जागेचा क्रमांक दोन बाइटांचा झाला आणि पत्ता पुन्हा एकावर आला. पण १२८ किलोबाइटच्या चिपला सोळा बिटही अपुरे पडतात, म्हणून तिथे पुन्हा दोन पत्ते.

दुसरा प्रकार पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या, चिपचा. बीगलबोर्ड या छोट्या संगणकावर ओमॅप-३ प्रोसेसरच्या जोडीला असलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडब्ल्यूएल४०३० ही चिप ४८, ४९, ४ए आणि ४बी असे चार पत्ते घेते. यूएसबी एका पत्त्यावर, ऑडिओ आणि जीपीआयओ (सर्वसाधारण पिना) दुसऱ्यावर, कीपॅड आणि बॅटरी चार्जिंग तिसऱ्यावर, वीज आणि घड्याळ चौथ्यावर. मॅक्सिमची एमएएक्स७७६८६ मुख्य कामाला ०९ वापरते आणि घड्याळाला ०६. हे ०६ राखीव पट्ट्यातले आहे, तरी कंपनीने वापरले. बसवरचे पत्ते शोधून तक्ता दाखवणाऱ्या आयटूसीडिटेक्ट या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या मुळात ०८ पासूनच शोध सुरू करतात, त्यामुळे हे घड्याळ त्या तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात नाही म्हणजे चिपमध्ये नाही, असा निष्कर्ष काढू नये.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका खातेदाराच्या नावावर चार गट असू शकतात, पण आठ-अ उताऱ्यावर ते चारही एकाच खात्याखाली येतात. गटागटाला वेगळा मालक दाखवला की भांडण ठरलेले. ड्रायव्हरच्या रचनेत आठ-अ चे काम डिव्हाइस ट्रीमधला, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे सांगणाऱ्या फाइलमधला, नोड (नोंद) करतो. एका चिपला एक नोड, त्या नोडच्या रेग ओळीत सगळे पत्ते आणि रेग-नेम्समध्ये प्रत्येकाचे नाव. नोडच्या नावात ॲटच्या खुणेपुढे पहिला पत्ता येतो, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोच मुख्य धरतो.

मुख्य पत्त्याचा क्लायंट (त्या पत्त्याची कर्नलमधली नोंद) कर्नल प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जाताना, आयता देतो. उरलेले पत्ते ड्रायव्हरने मागून घ्यायचे असतात. त्यासाठी लिनक्समध्ये दोन फंक्शने आहेत. आयटूसी-न्यू-डमी-डिव्हाइसला पत्ता सांगितला की ते त्या पत्त्यावर नुसता नामधारी क्लायंट उभा करते, म्हणजे तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आयटूसी-न्यू-ॲन्सिलरी-डिव्हाइस थोडे शहाणे आहे. त्याला नाव आणि ठरीव पत्ता दोन्ही द्यायचे. ते आधी रेग-नेम्समध्ये नाव शोधते, सापडले तर तिथला पत्ता घेते, नाही तर ठरीव. बोर्ड बदलला तरी ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही, हा त्याचा फायदा. ज्या चिपचे दुय्यम पत्ते बदलता येतात तिथे हेच वापरावे; २४सी१६ सारख्या, पत्ते ओळीने येणाऱ्या चिपला डमी पुरते.

इथे एक सापळा आहे. जुने आयटूसी-न्यू-डमी काम फसले की शून्य पॉइंटर देत असे. २०१९ मध्ये आलेले नवे फंक्शन पॉइंटरच्या पोटात चूक-क्रमांक भरून देते. इंटरनेटवरचा जुना कोड उचलून फक्त फंक्शनचे नाव बदलले आणि तपासणी शून्याचीच ठेवली, तर पत्ता मिळाला नाही तरी ड्रायव्हर खुशाल पुढे जातो आणि पहिल्याच वाचनाला कर्नल कोसळतो. तपासणी इझ-एरर या फंक्शनने करायची. पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला असेल तर उत्तर उणे १६ येते, म्हणजे ‘बिझी’. तो क्रमांक जसाच्या तसा वर पाठवावा. त्याऐवजी उणे १ पाठवणारे महाभाग आहेत. मग लॉग वाचणाऱ्याला खरे कारण कधीच कळत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा एचडीएमआय चिपमध्ये होते. ॲनालॉग डिव्हाइसेसची एडीव्ही७५११ घ्या. तिचा मुख्य पत्ता ३९ किंवा ३डी, एका पिनवरून ठरतो. त्याशिवाय एडिडसाठी (पडद्याची माहिती) ३एफ, सीईसीसाठी (उपकरणांमधले हुकूम) ३सी आणि पॅकेट मेमरीसाठी ३८. हे तीन दुय्यम पत्ते पक्के नाहीत. ड्रायव्हर ते मुख्य पत्त्यावरच्या रजिस्टरांत लिहितो: एडिडचा ४३ मध्ये, पॅकेटचा ४५ मध्ये, सीईसीचा ई१ मध्ये. रजिस्टरात लिहिताना मात्र पत्ता एक घर डावीकडे सरकवून, म्हणजे आठ बिटांच्या रूपात लिहायचा. कर्नलला सात बिटांचा, चिपला आठ बिटांचा, तोही एकाच फंक्शनमध्ये लागोपाठच्या ओळींत. पुनरावलोकन करणाऱ्याने नजर ठेवावी अशी ही जागा आहे.

या चिपचे दोन ड्रायव्हर का करू नयेत, हे तिच्या इंटरप्टवरून, म्हणजे प्रोसेसरला वर्दी देणाऱ्या खुणेवरून, स्पष्ट होते. टीव्हीच्या रिमोटवरून सीईसीचा संदेश आला की त्याची वर्दी मुख्य पत्त्यावरच्या रजिस्टर ९७ मध्ये लागते, पण खुद्द संदेश असतो सीईसीच्या पत्त्यावर. इंटरप्टची पिन दोघांत मिळून एकच. दोन स्वतंत्र ड्रायव्हर केले तर एक जण वर्दी वाचून पुसून टाकतो आणि दुसरा संदेशाची वाट पाहत राहतो.

रेनेसासच्या व्हीट या बोर्डावर याच कुळातल्या दोन एडीव्ही७५१३ चिप एकाच बसवर आहेत. मुख्य पत्ते वेगळे, पण दुय्यम पत्ते कारखान्यातून येतानाच सारखे. पहिला उपाय साहजिक होता. एका चिपला ठरीव पत्त्यांवर राहू द्यायचे, दुसरीचे दुय्यम पत्ते डिव्हाइस ट्रीतून हलवायचे. ड्रायव्हरमध्ये तशी सोय केली आणि दोन्ही चिपची नोंदणी सुरळीत झाली. तरी टक्कर राहिलीच. कारण ही चिप कमी विजेच्या अवस्थेत गेली की आपल्या दुय्यम पत्त्यांची रजिस्टरे विसरते आणि ठरीव पत्त्यांवर परत येते. म्हणजे हलवलेली चिप झोपली की ती पहिलीच्या पत्त्यांवर येऊन बसणार. २०१८ मध्ये डिव्हाइस ट्रीत दुरुस्ती झाली ती अशी: दोन्ही चिपचे दुय्यम पत्ते ठरीव जागांवरून हलवायचे. मग झोपलेली चिप ठरीव पत्त्यांवर गेली तरी तिथे जागे कुणीच नसते.

यातून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने दोन सवयी लावून घ्याव्यात. पत्ते बदलता येणारी चिप असेल तर ते रजिस्टर रीसेटनंतर, झोपेनंतर आणि वीज गेल्यानंतर काय किंमत घेते, हे डेटाशीटमध्ये शोधायचे. आणि पत्ते लिहिण्याचा कोड प्रोबमध्ये न अडकवता वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून, वीज सुरू करण्याच्या प्रत्येक वाटेवर त्याला हाक मारायची. रेगमॅपची, म्हणजे रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याच्या कर्नलमधल्या सोयीची, कॅशे (जवळ ठेवलेली प्रत) वापरली असेल तर जागे झाल्यावर ती चिपशी जुळवून घ्यायची, आणि हे सगळे दुय्यम पत्त्यावर पहिला व्यवहार करण्याआधी.

न मागता मिळालेले पत्तेही असतात. सर्वो मोटर चालवायला विद्यार्थ्यांचा आवडता पीसीए९६८५ बोर्ड बसला जोडून पाहा. पत्ता ४० दिसेल, आणि त्याच्या जोडीला ७० सुद्धा. ७० हा ‘ऑल कॉल’चा पत्ता: बसवरच्या अशा सगळ्या चिपना एकदम हुकूम द्यायचा. वीज सुरू होताच तो आपोआप चालू असतो. दुर्दैव असे की टीसीए९५४८ए हा लोकप्रिय बस-मल्टिप्लेक्सरही (एका बसच्या अनेक शाखा करणारी चिप) ठरीव म्हणून ७० वरच बसतो. दोन्ही एका बसवर आले की मल्टिप्लेक्सरला पाठवलेला बाइट पीसीए९६८५ पण घेते, आणि घोळ कुठून होतो हे कुणाला उमगत नाही. लिनक्सचा पीसीए९६८५ साठीचा पीडब्ल्यूएम ड्रायव्हर प्रोबमध्येच मोड-१ रजिस्टरातला ऑल कॉलचा आणि तीन उपपत्त्यांचे बिट पुसतो. मायक्रोकंट्रोलरसाठी स्वतः कोड लिहिणाऱ्यांनीही पहिले काम तेच करावे, किंवा मल्टिप्लेक्सरच्या पिना बदलून त्याला ७१ वर न्यावे.

काही पत्ते तर कुठल्याच एका चिपचे नसतात. संगणकातल्या डीडीआर-४ मेमरीच्या प्रत्येक पट्टीवर ५१२ बाइटांची माहितीची चिप असते, पत्ता ५० ते ५७ पैकी एक. ती एका वेळी २५६ बाइटच दाखवते. पहिले पान हवे तर पत्ता ३६ वर लिहायचे, दुसरे हवे तर ३७ वर. आणि ३६-३७ वर लिहिलेले त्या बसवरच्या सगळ्या पट्ट्या एकदम ऐकतात. इथे ‘चिपने आपले सगळे पत्ते धरावेत’ हा नियम जसाच्या तसा लावला, तर पहिली पट्टी ३६ आणि ३७ अडवते आणि दुसऱ्या पट्टीच्या प्रोबला उणे १६ मिळते. लिनक्सच्या ईई१००४ ड्रायव्हरने म्हणून ही दोन डमी उपकरणे बसच्या खात्यावर ठेवली आहेत. पहिली पट्टी आली की ती बनतात, शेवटची गेली की मोडतात, मधे किती जण वापरताहेत याची मोजणी ठेवली जाते. सध्याचे पान कुठले हेही बसगणिक लक्षात ठेवतात. मालक एकच असावा हे इथेही खरेच, फक्त तो मालक बस आहे. डीडीआर-५ मध्ये हा घोळ काढून टाकला. १०२४ बाइट, १२८ चे एक अशी आठ पाने, आणि पान निवडायचे रजिस्टर चिपच्या स्वतःच्याच पत्त्यावर.

याच पट्ट्यात, म्हणजे ३० ते ३७ मध्ये, मेमरी पट्टीचे लेखन कायमचे बंद करणारे हुकूमही राहतात. म्हणून आयटूसीडिटेक्ट ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पत्त्यांवर एरवीची ‘क्विक राइट’ चाचणी न करता एक बाइट वाचून पाहते. क्विक राइटने जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमधली एटी२४आरएफ०८ ही चिप बिघडत असे, हा या साधनाच्या माहितीपानावरच दिलेला इशारा आहे. स्वतःचा शोधक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः तो संगणकाच्या एसएमबसवर (आयटूसीच्याच धर्तीच्या आतल्या बसवर) चालवणार असतील तर, हे पान आधी वाचावे.

एकाच व्यवहारात दोन पत्ते लागतात असाही प्रकार आहे. मॉनिटरची एडिड माहिती पत्ता ५० वरून वाचतात. ती २५६ बाइटांपेक्षा मोठी असेल तर आधी पत्ता ३० वर खंडाचा क्रमांक लिहावा लागतो. पण स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण) मिळाला की मॉनिटर तो क्रमांक शून्यावर आणतो. म्हणून ३० वर लिहिणे, ५० वर जागा सांगणे आणि ५० वरून वाचणे हे तीनही निरोप स्टॉप न देता, मधे फक्त पुन्हा-स्टार्ट देऊन, एकाच आयटूसी-ट्रान्स्फरमध्ये पाठवावे लागतात. लिनक्सचा ग्राफिक्स विभाग तसेच करतो. प्रत्येक पत्त्याला वेगळा रेगमॅप करून हे जमणार नाही, कारण रेगमॅपचा प्रत्येक व्यवहार स्टॉपने संपतो. लक्षण मजेशीर असते: चूक कुठलीच दाखवली जात नाही, तिसऱ्या ब्लॉकच्या जागी पहिलाच ब्लॉक पुन्हा मिळतो.

एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचेही तसेच. रेगमॅपचे कुलूप त्या एका रेगमॅपपुरते असते. चार पत्त्यांना चार रेगमॅप म्हणजे चार वेगळी कुलपे. ‘मुख्य पत्त्यावर निवड करा, मग दुय्यम पत्त्यावरून वाचा’ असा क्रम असेल तर मधल्या फटीत दुसरा थ्रेड (समांतर चालणारे काम) शिरून निवड बदलू शकतो. त्यासाठी ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेत एक म्युटेक्स (कुलूप) ठेवून तो पूर्ण क्रमाभोवती लावायचा. हा म्युटेक्स बसवरच्या दुसऱ्या मास्टरला (बस चालवणाऱ्याला) अडवत नाही. बोर्डावर दुसरा मायक्रोकंट्रोलर त्याच बसवर मास्टर असेल तर तो प्रश्न हार्डवेअर बनवणाऱ्याशी बोलूनच सोडवावा लागतो.

उभारणीचा क्रम असा ठेवावा: आधी वीज आणि रीसेट, मग मुख्य पत्त्यावरून चिपची ओळख वाचणे, मग दुय्यम क्लायंट, मग त्यांचे पत्ते चिपमध्ये लिहिणे, मग रेगमॅप आणि म्युटेक्स, आणि सर्वांत शेवटी इंटरप्ट. मोडताना नेमका उलटा. डेव्हएम प्रकारची (घेतलेले आपोआप परत करणारी) फंक्शने हा उलटा क्रम आपोआप पाळतात, पण अर्धवट वापरली तर घात करतात. नेहमी दिसणारा नमुना म्हणजे इंटरप्ट डेव्हएमने घेतलेला आणि दुय्यम क्लायंट रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना) हाताने मोडलेला. रिमूव्ह आधी चालते, डेव्हएमची सफाई नंतर. मधल्या काळात इंटरप्ट आला तर हँडलर मोडून टाकलेल्या क्लायंटकडे धाव घेतो. मॉड्यूल काढताना दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी कर्नल पडतो, तेव्हा आधी इथे पाहावे. डमीला डेव्हएमचा प्रकार उपलब्ध आहे, तो वापरावा. ॲन्सिलरी मोडण्याची जबाबदारी ड्रायव्हरने स्वतः घ्यावी, आणि तीही डेव्हएमच्या ॲक्शन यादीत नोंदवून, म्हणजे क्रम बिघडत नाही.

मग वेगळे ड्रायव्हर कधीच करू नयेत का? तसे नाही. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एलएसएम३०३डीएलएचसी घ्या. ॲक्सेलरोमीटर १९ वर, चुंबकमापक १ई वर. एका आवरणात आहेत एवढेच; एकाचे रजिस्टर दुसऱ्याला लागत नाही, एकाची झोप दुसऱ्याला बाधत नाही. तिथे दोन नोड, दोन ड्रायव्हर हेच योग्य. याच्या उलट एमपीयू९२५० मध्ये चुंबकमापक ०सी वर दिसतो खरा, पण मुख्य चिप जागी असेल आणि तिचा बायपास बिट चालू असेल तरच. म्हणून लिनक्समध्ये मुख्य ड्रायव्हरच एक फाटक उभे करू शकतो आणि चुंबकमापक त्या फाटकामागच्या बसवर नोंदवता येतो. मधल्या चिपबाबत तर कर्नलमध्येच मतभेद दिसतात. घड्याळ ६एफ वर आणि ईईप्रॉम ५७ वर अशी मांडणी मायक्रोचिपच्या एमसीपी७९४१० मध्येही आहे आणि आयएसएल१२०२६ मध्येही. पहिलीत ईईप्रॉमला स्वतंत्र नोड देऊन नेहमीचा एटी२४ ड्रायव्हर लावतात. दुसरीत घड्याळाचा ड्रायव्हरच ५७ वर डमी घेऊन ईईप्रॉमही सांभाळतो. आमचा कौल असा: वीज, रीसेट, इंटरप्ट किंवा कुलूप-बिट यांतले काहीही सामाईक असेल, किंवा एखादे काम दोन पत्त्यांवरून मिळून होत असेल, तर एक ड्रायव्हर. यांतले काहीच नसेल तर खुशाल दोन.

लॅपटॉपमध्ये बहुधा डिव्हाइस ट्री नसून एसीपीआय (बायोसने दिलेली उपकरणांची माहिती) असते, आणि तिथे बायोस लिहिणारे कधी कधी तीन वेगळ्या सेन्सरना एकाच उपकरणाच्या नावाखाली कोंबतात. बीएसजी११६० या नावाखाली बॉशचे तीन सेन्सर येतात. त्यांना वेगळे करायला कर्नलमध्ये खास ड्रायव्हर ठेवावा लागला. आधी त्याचे नाव आयटूसी-मल्टी-इन्स्टँशिएट होते, एसपीआय या दुसऱ्या बसची सोय झाल्यावर ते सीरियल-मल्टी-इन्स्टँशिएट झाले.

आता महाविद्यालयांना एक विनंती. एम्बेडेड प्रयोगशाळेत आयटूसीचा प्रयोग असतो, पण तो बहुधा एका पत्त्याच्या तापमान सेन्सरवर संपतो. त्याऐवजी २४सी१६ घ्यावी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती सहज आणि स्वस्तात मिळते. आठ पायांची डीआयपी घ्यावी: ४ जमिनीला, ८ ला ३.३ व्होल्ट, ५ डेटा, ६ घड्याळ, ७ म्हणजे लेखनबंदी, तीही जमिनीला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या हेडरवर डेटा पिन ३ आणि घड्याळ पिन ५. पुल-अप रोधक बोर्डावरच १.८ किलोओहमचे आहेत, वेगळे लावायला नकोत. पाच व्होल्ट देऊ नयेत, रास्पबेरी पायच्या पिना ते सोसत नाहीत.

आयटूसीडिटेक्ट चालवली की ५० ते ५७ असे आठही आकडे दिसतील. मग एटी२४ मॉड्यूल चढवून बस १ च्या न्यू-डिव्हाइस फाइलमध्ये ‘२४सी१६’ हे नाव आणि पत्ता ५० लिहावा. पुन्हा तक्ता पाहिला तर आठही जागी ‘यूयू’, म्हणजे ड्रायव्हरने एक पत्ता देऊन आठ ताब्यात घेतले. कर्नलच्या लॉगमध्ये २०४८ बाइट आणि ‘एका लेखनाला १ बाइट’ अशी ओळ येईल. आता मुद्दाम त्याच फाइलमध्ये ‘२४सी०२’ आणि पत्ता ५७ लिहावे. उणे १६ मिळेल. सगळे काढून उलट क्रमाने करावे, आधी २४सी०२ पत्ता ५७ वर, मग २४सी१६ पत्ता ५० वर, तर या वेळी २४सी१६ चा प्रोब पडेल. डीएस३२३१ घड्याळाचे जे निळे बोर्ड बाजारात मिळतात त्यांच्यावरची २४सी३२ ठरीव म्हणून ५७ वरच असते. तो बोर्ड आणि २४सी१६ एका बसवर का नांदत नाहीत, याचे उत्तर विद्यार्थ्याला आपोआप सापडते.

त्याच चिपवर वेळेचा प्रयोगही होतो. एका लेखनाला चिप जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद घेते असे धरले, तर एकेक बाइट लिहून २०४८ बाइटांना सुमारे १० सेकंद लागतात. डिव्हाइस ट्रीमध्ये पेजसाइझ १६ दिली की १२८ पाने, म्हणजे ०.६४ सेकंद. उतावीळपणे १६ ऐवजी ३२ दिले तर वेळ आणखी घटतो, पण माहिती बिघडते: १६ बाइटांचे पान भरले की चिप पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला येऊन आधीचे खोडत जाते. ड्रायव्हर काहीच तक्रार करत नाही, म्हणून लिहिलेले परत वाचून ताडून पाहणे प्रयोगाचाच भाग ठेवावा. आणि वाचताना, काही चिप एका पत्त्याची हद्द ओलांडून आपोआप पुढच्या पत्त्यात जात नाहीत. त्यांच्यासाठी एटी२४ मध्ये नो-रीड-रोलओव्हर ही खूण आहे, ती लावली की ड्रायव्हर हद्दीवर वाचन तोडून नव्या पत्त्यावर पुन्हा सुरू करतो.

शेवटी हार्डवेअर करणाऱ्यांसाठी. पीसीबी छापायला जाण्याआधी प्रत्येक बसचा पत्ता-तक्ता स्कीमॅटिकच्या पहिल्या पानावर टाकावा, आणि त्यात एका चिपला एक ओळ न देता एका पत्त्याला एक ओळ द्यावी: ठरीव पत्ता, बदललेला पत्ता, रीसेटनंतरचा पत्ता आणि झोपेतला पत्ता. ऑल कॉलसारखे, आपोआप चालू असणारे पत्तेही त्यात यावेत. शेवटच्या दोन रकान्यांत कुठे पुनरावृत्ती दिसली तर त्यातली एक चिप तेव्हाच दुसऱ्या बसवर हलवावी. बोर्ड छापून आल्यावर त्यासाठी मल्टिप्लेक्सर चिकटवावा लागतो, आणि तो ७० वर बसतो.

आपले,
एम्बेडेड लिनक्समध्ये काम करणारे काही अभियंते, पुणे